बेणे तपासतो, तशी फाईलही तपासू या



काणी किंवा गवताळ वाढीचा रोग लागलेलं बेणं दिसायला कित्येकदा चांगलं जाडजूड असतं. रोग आत दडलेला असतो. तो लावणीनंतर उघडा पडतो, तोवर पीक हातचं गेलेलं. म्हणूनच आम्ही बेणे मळ्यातील बेण्याचा आग्रह धरतो आणि मूलभूत बेण्याला ५४ अंश सेल्सिअसच्या बाष्पयुक्त उष्ण हवेची अडीच तास प्रक्रिया करतात. संगणकावर येणाऱ्या फाईलचंही असंच आहे.

ऊस नोंद, तोडणी कार्यक्रम, काट्यावरचं वजन, ऊस बिल, सगळं आता संगणकावर आहे. घाटाखालच्या जव्हार-मोखाड्यातून नाशिककडे हंगामी मजूर येतात. समजा, ‘मोखाडा मजूर यादी, पासबुक क्रमांकासह’ अशा नावाची फाईल गट कार्यालयात आली. नाव ओळखीचं, काम रोजचं. कारकुनाने ती उघडली. एवढ्यानेही घात होऊ शकतो.

‘नुसती वाचली तर काय बिघडतं?’ असं पुष्कळजण विचारतात. त्याचं उत्तर असं. मायक्रोसॉफ्ट ऑफिसमध्ये गणिती सूत्रे लिहिण्यासाठी इक्वेशन एडिटर नावाचा एक छोटा भाग होता, २००० साली तयार झालेला. फाईलमधला मजकूर राखलेल्या जागेत मावतो की नाही, हे तो तपासत नसे. पाटाचा काठ फुटून पाणी शेजारच्या रानात शिरावं, तसा जादा मजकूर पुढे सांडे. चोर त्यातच आपला हुकूम दडवी आणि संगणक तो पाळी. हे भगदाड १७ वर्षे तसंच होतं. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यावर दुरुस्ती आली आणि जानेवारी २०१८ मध्ये तो भागच काढून टाकण्यात आला. तरीही दुरुस्ती न घेतलेल्या संगणकांवर पुढे कित्येक वर्षे याच वाटेने हल्ले होत राहिले.

दुसरी वाट मॅक्रोची. फाईल उघडली की वर पिवळी पट्टी येते आणि ‘एनेबल कंटेंट’ दाबायला सांगते. दाबलं की आतला प्रोग्रॅम सुरू होतो.

हे दूर देशीचं संकट नव्हे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत घातक प्रोग्रॅम घुसवून सुमारे ९४ कोटी रुपये पळवण्यात आले. बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेतून फेब्रुवारी २०१६ मध्ये ८ कोटी १० लाख डॉलर गेले. त्याआधी नोकरीचा अर्ज असल्याचं भासवणारे ईमेल त्या बँकेत आले होते, असं अमेरिकी तपासात पुढे आलं.

आपल्याकडे असं झालं तर? काट्याच्या नोंदी कुलूपबंद होतील. ऊस दिल्यापासून १४ दिवसांत बिल द्यायचं, असा कायदा आहे. पण हिशेबच उघडला नाही तर बिल निघायचं कसं? आणि मोखाड्याच्या गरीब मजुराचं पासबुक, आधार भलत्याच्या हाती जाईल ते वेगळंच.

म्हणून आमची विनंती :

१. अनपेक्षित फाईल आली, तर पाठवणाऱ्याला आधी ओळखीच्या नंबरवर फोन करून विचारावं.

२. पिवळ्या पट्टीवरचं बटण दाबू नये.

३. ऑफिस व विंडोजच्या दुरुस्त्या वेळेवर घ्याव्यात. ऑफिस २०१६ आणि २०१९ यांचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे.

४. नोंदींची एक प्रत रोज वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क संगणकापासून काढून ठेवावी.

५. बँक खाते बदलायचं असेल तर सभासदाने पासबुक घेऊन स्वतः गट कार्यालयात यावं. फाईलवर खाते बदलू नये.

६. व्हॉट्सॲपवर ‘योजनेचा अर्ज’ म्हणून एपीके फाईल आली तर ती घेऊच नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. तासाचा उशीरही महागात पडतो.

रोगट बेणं एकाच्या रानात आलं, तरी झळ साऱ्या शिवाराला बसते. फाईलच्या बाबतीतही एकाची सावधगिरी सर्वांच्या बिलाचं रक्षण करील.

— ऊस विकास अधिकारी