रिलीफ लँडिंग ग्राउंड: चुकायला ठेवलेली मोकळी जागा

मी रोहण्याचा, आर्वी तालुक्यातला. लहानपणी आम्ही कैची सायकल शिकलो ती हमरस्त्यावर नाही, मोकळ्या पटांगणावर. का? तर पडलो तरी मागून ट्रक येत नाही. आजचा विषय तोच आहे, फक्त सायकलच्या जागी विमान.

दुसऱ्या महायुद्धात वैमानिक घाईघाईने तयार करावे लागले. १९३९ साली भारतीय वायुदलाकडे एकच स्क्वाड्रन होती, युद्ध संपेपर्यंत नऊ झाल्या. नवशिक्यांच्या हाती यायचं ते टायगर मॉथ. आपल्याकडे बेगमपेठ आणि जोधपूरच्या शाळांत ते शिकवायचे. दोन पंखांचं उघडं विमान. पुढे शिक्षक, मागे विद्यार्थी, आणि बोलायला मध्ये एक नळी. रेडिओ नाही. ब्रेकसुद्धा नाहीत!

आता शिकायचं काय? उडायचं, चार वळणं घेऊन चौकोनी फेरी मारायची, उतरायचं, आणि थेट पुन्हा उडायचं. दिवसभर हेच. एकाच विमानतळावर अशी दहा-वीस विमानं घिरट्या घालू लागली, की टक्कर ठरलेली. म्हणून मुख्य तळापासून काही मैलांवर एखादं सपाट कुरण घ्यायचे. ब्रिटनमध्ये अशी बरीच होती. हेच रिलीफ लँडिंग ग्राउंड. डांबरी धावपट्टी नाही. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी, एखादी झोपडी, बस्स. उलट गवताचा फायदाच. वारा कुठूनही येवो, विमान त्याच्यासमोर तोंड करून उतरवता येतं, आणि ब्रेक नसलेलं विमान गवतावर आपोआप मंदावतं. संध्याकाळी सगळे मुख्य तळावर परत.

ही काळजी फुकटची नव्हती. ब्रिटिश बॉम्बर कमांडचे ५५ हजारांहून जास्त लोक मेले. त्यातले सुमारे ८ हजार शत्रूच्या हातून नाही, तर सरावातल्या आणि इतर अपघातांत गेले.

आपल्या विदर्भातही युद्धकाळाची खूण आहे. गोंदियाजवळची बिरसीची धावपट्टी १९४० सालची, इंग्रजांनी युद्धासाठी बांधलेली. आज तिथे वैमानिक प्रशिक्षण संस्था आहे. पोरंपोरी त्याच चौकोनी फेऱ्या मारतात.

ब्रिटनमधली बहुतेक कुरणं युद्धानंतर परत शेती झाली. फलक नाही, स्मारक नाही. लढाईची मैदानं आपण लक्षात ठेवतो. जिथे चुकायची मुभा होती, ती जागा मात्र विसरतो.

तुमच्या गावाजवळ अशी जुनी पट्टी असेल, तर म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा. भेटू पुढच्या भागात!