माती पडण्याआधी पाईप पाहा

गावात बंदिस्त गटाराचे काम निघते, गल्लीत चर खोदला जातो, सिमेंटचे पाईप येतात आणि चार दिवसांत वर माती पडते. मग दृष्टीआड सृष्टी! पावसाळ्यात सांडपाणी दारात तुंबले की कळते, कुठेतरी सांधा उघडा राहिला. शेजारून नळाची पाईपलाईन गेली असेल, तर तेच पाणी आपल्या हंड्यातही येऊ शकते. म्हणून पाहायची वेळ एकच : माती पडण्याआधी.

पाईप उतरले की आधी त्यावरचा शिक्का वाचा. एनपी २, एनपी ३ किंवा एनपी ४ असे लिहिलेले असते. एनपी २ हलक्या वाहतुकीच्या रस्त्याखाली चालतो, एनपी ३ मध्यम आणि एनपी ४ जड वाहतुकीसाठी. उसाच्या ट्रॉल्या जातात त्या रस्त्याखाली कोणता पाईप धरला आहे, ते अंदाजपत्रकात पाहा आणि शिक्क्याशी जुळवा.

मग पाईप वाजवून पाहा. माठ घेताना वाजवतो ना, तसेच. लहान हातोडीने हलकेच ठोका. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर आत भेग असू शकते. केसासारखी वरवरची रेघ चालून जाते. पण नख अडकेल अशी किंवा आतबाहेर दोन्हीकडे दिसणारी भेग, तुटलेली कड, उघडी पडलेली सळई दिसली, तर तो पाईप बाजूला ठेवायला सांगा. वरून सिमेंट फासून दोष झाकतात, तिकडेही लक्ष असू द्या.

पाईप चरात बसल्यावर काठावरूनच पाहा. तो पूर्ण लांबीभर टेकलेला हवा, दगडाच्या टोकावर नको. एका बाजूला रुंद तोंड असेल तर ते चढाच्या बाजूला हवे. सांध्यात फट नको आणि आत सिमेंटचा गोळाही नको, कारण कचरा तिथेच अडकतो.

ओळ सरळ आहे का, हे आरशाने कळते. एका चेंबरकडून आरशाने उजेड आत सोडायचा आणि दुसरीकडून पाहायचे. पूर्ण गोल दिसला तर ओळ सरळ. चंद्रकोर दिसली तर पाईप वर-खाली किंवा वाकडा बसला आहे. ही तपासणी आणि पाणी भरून गळती पाहणे, दोन्ही इंजिनीअरकडून आपल्यासमोर करून घ्या. आपण चरात उतरायचे नाही, कड ढासळते. चालू गटाराच्या चेंबरमध्ये तर विषारी वायू असतो.

दोष दिसला की फोटो काढा, तारीख आणि जागा वहीत लिहा आणि ग्रामपंचायतीला लेखी द्या, पोच घ्या. ग्रामसभेआधी महिला सभा भरते, तिथे विषय मांडा. २००५च्या माहिती अधिकार कायद्याने कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचा नमुना मागण्याचाही हक्क आपल्याला दिला आहे.

कुणी म्हणेल, बायकांना यातले काय कळते? त्यांना सांगा, माठ पारखून घेणाऱ्या आम्हीच.