आकड्यांतून उरलेले फलंदाज : जुन्या काळातील क्रिकेटच्या आकडेवारीचे वाचन

प्रस्तावना

मागील पिढीतील थोर फलंदाजांचा खेळ प्रत्यक्ष पाहिलेली माणसे आता फारशी उरलेली नाहीत. प्रा. दि. ब. देवधर, विजय मर्चंट, विजय हजारे, भाऊसाहेब निंबाळकर यांच्या खेळाचे चित्रीकरणही जवळजवळ उपलब्ध नाही. आजच्या विद्यार्थ्याला हे खेळाडू भेटतात ते आकड्यांच्या रूपाने. सामने, डाव, धावा, सरासरी, शतके अशा एका ओळीत एका माणसाची वीस-पंचवीस वर्षे सामावलेली असतात. ही ओळ कशी वाचावी, तिच्यावर किती विश्वास ठेवावा आणि ती काय सांगत नाही, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. क्रीडाशिक्षण, संख्याशास्त्र व इतिहास या तिन्ही विषयांच्या अभ्यासकांना हा प्रश्न जवळचा वाटावा.

सरासरी : अर्थ व मर्यादा

फलंदाजाची सरासरी काढताना एकूण धावांना खेळलेल्या डावांनी भागत नाहीत, तर तो जितक्या वेळा बाद झाला त्या संख्येने भागतात. सांगली येथे ११ मार्च १९१५ रोजी जन्मलेल्या विजय हजारे यांनी ३० कसोटी सामन्यांत ५२ डाव खेळून २,१९२ धावा केल्या. त्यांपैकी ६ डावांत ते नाबाद राहिले. म्हणून २,१९२ ला ४६ ने भागून ४७.६५ ही सरासरी येते. विजय मर्चंट यांनी १० कसोटी सामन्यांतील १८ डावांत ८५९ धावा केल्या व ते एकदाही नाबाद राहिले नाहीत. त्यांची सरासरी ४७.७२ आहे.

तक्ता वाचणारा येथे सहज म्हणेल, की मर्चंट हे हजारे यांच्यापेक्षा किंचित सरस होते. परंतु मर्चंट यांच्या संपूर्ण कसोटी कारकिर्दीतून केवळ दोन धावा वजा केल्या, तर त्यांची सरासरी ४७.६१ होते व क्रम उलटतो. ज्या दोन धावा एखाद्या क्षेत्ररक्षकाच्या हलगर्जीपणामुळेही मिळू शकतात, त्यांच्यावर दोन थोर फलंदाजांची तुलना अवलंबून असावी काय? निरीक्षणांची संख्या लहान असताना सरासरीतील सूक्ष्म फरकाला अर्थ नसतो, हा संख्याशास्त्राचा प्राथमिक नियम येथे स्पष्ट होतो.

नाबाद डावांचा परिणामही ध्यानात घेतला पाहिजे. सुनील गावसकर यांनी १९७१ मध्ये वेस्ट इंडीजच्या दौऱ्यात चार कसोटी सामन्यांत ७७४ धावा केल्या. आठ डावांपैकी तीन डावांत ते नाबाद होते, म्हणून त्यांची सरासरी १५४.८० झाली. प्रत्येक डावामागे धावा काढल्या तर ९६.७५ हा आकडा मिळतो. दोन्ही आकडे खरे आहेत. मात्र ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. पहिला आकडा फलंदाजाला बाद करणे किती कठीण होते हे सांगतो. त्याने दर डावाला संघाला काय दिले, हे दुसऱ्यातून कळते.

संघाच्या धावसंख्येतील वाटा

सरासरीला पूरक असे एक साधे माप म्हणजे संघाच्या धावसंख्येतील फलंदाजाचा वाटा. डिसेंबर १९४३ मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर पंचरंगी स्पर्धेचा अंतिम सामना हिंदू व शेष या संघांत झाला. हिंदू संघाने ५ बाद ५८१ धावांवर डाव घोषित केला. त्यांत मर्चंट नाबाद २५० होते. शेष संघ १३३ धावांत बाद होऊन त्याच्यावर फॉलोऑनची नामुष्की आली. दुसऱ्या डावात संघाच्या ३८७ धावा झाल्या, त्यांपैकी ३०९ एकट्या हजारे यांच्या होत्या. आपले बंधू विवेक यांच्यासमवेत त्यांनी ३०० धावांची भागीदारी केली. तीत विवेक यांचा वाटा २१ धावांचा होता. तरीही हिंदू संघ एक डाव व ६१ धावांनी विजयी झाला.

३८७ पैकी ३०९ म्हणजे सुमारे ७९.८ टक्के. कसोटी क्रिकेटमधील या प्रकारचा विक्रम १८७७ साली मेलबर्न येथे खेळल्या गेलेल्या पहिल्याच कसोटीतला आहे. चार्ल्स बॅनरमन यांनी ऑस्ट्रेलियाच्या २४५ पैकी १६५ धावा केल्या होत्या. त्यांचा वाटा ६७.३ टक्के होता. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये १९७७ साली ग्लेन टर्नर यांनी वूस्टरशायरच्या १६९ पैकी १४१ धावा, म्हणजे ८३.४ टक्के, केल्या. हजारे यांचा डाव कोणत्या पंक्तीत बसतो हे यावरून कळते. जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेड येथे त्यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध दोन्ही डावांत शतके (११६ व १४५) झळकावली. दुसऱ्या डावात रे लिंडवॉल यांनी ३८ धावांत ७ बळी घेतले असताना भारताच्या २७७ धावांपैकी निम्म्याहून अधिक हजारे यांच्या होत्या. हाही सामना भारताने डावाने गमावला. पराभूत संघातील पराक्रम विजयाच्या यादीत दिसत नाही. तो पाहण्यासाठी संपूर्ण गुणफलक उघडावा लागतो.

काळ, खेळपट्टी आणि ४४३ धावा

आकड्याला त्याच्या काळापासून वेगळे काढता येत नाही. डिसेंबर १९४८ मध्ये पुणे येथे कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर यांनी महाराष्ट्रातर्फे काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. कमल भांडारकर (२०५) यांच्यासमवेत त्यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागीदारी केली. प्रथम श्रेणीतील त्या वेळचा विक्रम डॉन ब्रॅडमन यांच्या नाबाद ४५२ धावांचा होता. महाराष्ट्राची धावसंख्या ४ बाद ८२६ असताना काठियावाडच्या कर्णधाराने विश्रांतीच्या वेळी डाव घोषित करण्याचा आग्रह धरला, अन्यथा सामना सोडून देण्याची तयारी दाखविली. अखेरीस काठियावाडचा संघ पुन्हा मैदानात उतरलाच नाही. विक्रमाशी बरोबरी करण्यासाठी निंबाळकरांना नऊ धावा हव्या होत्या. त्या नऊ धावा कधीच झाल्या नाहीत.

भारतीय फलंदाजाची प्रथम श्रेणी क्रिकेटमधील ही आजही सर्वोच्च धावसंख्या आहे. तथापि त्याच हंगामात, मार्च १९४९ मध्ये, पुण्यातच झालेल्या मुंबई-महाराष्ट्र सामन्याकडे पाहावे. मुंबईने ६५१ व ७१४, तर महाराष्ट्राने ४०७ व ६०४ धावा केल्या. एका सामन्यात एकूण २,३७६ धावा झाल्या, म्हणजे दर डावाला सरासरी ५९४. त्या हंगामात पुण्यात धावा मुबलक होत्या, हे मान्य केलेच पाहिजे. मग ४४३ चे मोल कमी होते काय? प्रस्तुत लेखकाच्या मते ते बदलते, कमी होत नाही. अनुकूल परिस्थिती त्या काळच्या सर्वच फलंदाजांना लाभली होती. चारशेचा टप्पा मात्र निंबाळकरांखेरीज कोणाही भारतीयाने ओलांडला नाही. फलंदाजाची तुलना प्रथम समकालीनांशी व नंतरच अन्य काळाशी करावी, हा नियम यातून निष्पन्न होतो.

निंबाळकरांनी प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये ४७.९३ च्या सरासरीने ४,८४१ धावा केल्या. त्यांना एकही कसोटी सामना खेळण्यास मिळाला नाही. कसोटीच्या तक्त्यात त्यांचे नाव शोधणाऱ्यास ते कधीच सापडणार नाही.

न खेळलेली वर्षे

प्रत्येक आकडेवारीत काही अदृश्य ओळी असतात. १९३६ नंतर थेट १९४६ पर्यंत भारत एकही कसोटी सामना खेळला नाही. मर्चंट यांच्या वयाची पंचविशी ते पस्तिशी ही दहा वर्षे त्यात गेली. हजारे यांना पहिली कसोटी खेळण्यास मिळाली तेव्हा ते ३१ वर्षांचे होते. मर्चंट यांची प्रथम श्रेणीतील कामगिरी १३,४७० धावा, ४५ शतके व ७१.६४ सरासरी अशी आहे. दीर्घ कारकिर्दीच्या फलंदाजांत सरासरीच्या दृष्टीने ब्रॅडमन यांच्यानंतर त्यांचेच नाव घेतले जाते. १९५१ साली दिल्ली येथे अखेरच्या कसोटीत चाळिशी गाठलेल्या मर्चंट यांनी १५४ धावा केल्या. हरवलेल्या दहा वर्षांचा अंदाज त्या एका डावावरून बांधता येतो.

देवधरांचे उदाहरण याहून बोलके आहे. पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृतचे अध्यापन करणाऱ्या या प्राध्यापकाने १९४०-४१ च्या हंगामात, वयाच्या ४८ व्या वर्षी, मुंबईविरुद्ध २४६ धावा केल्या. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० व १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला. त्यांची सरासरी ३९.३२ आहे. केवळ तक्ता पाहणारा त्यांना मर्चंट-हजारे यांच्या बराच खाली ठेवील. परंतु रणजी स्पर्धा सुरू झाली तेव्हा देवधर बेचाळीस वर्षांचे होते, ही गोष्ट तक्त्यात लिहिलेली नसते.

अमेरिकेतील बेसबॉलच्या इतिहासातही असेच दिसते. बेसबॉलमध्ये फलंदाजाची सरासरी म्हणजे यशस्वी फटक्यांचे मोजणीस पात्र संधींशी असलेले प्रमाण. १९४१ च्या हंगामाच्या अखेरच्या दिवशी टेड विल्यम्स यांची सरासरी ०.३९९५५ होती, ती ०.४०० अशी गणली गेली असती. न खेळता विक्रम पदरात पाडून घेणे त्यांना शक्य होते. ते दोन्ही सामने खेळले, आठ संधींत सहा यशस्वी फटके मारले व ०.४०६ वर हंगाम संपविला. त्यानंतर सैनिकी सेवेमुळे त्यांची उमेदीची काही वर्षे गेली.

नोंदीबाहेरील खेळाडू

काही वर्षे हरवणे वेगळे व संपूर्ण खेळाडूच नोंदीबाहेर राहणे वेगळे. अमेरिकेत कृष्णवर्णीय खेळाडूंना दीर्घकाळ स्वतंत्र लीगमध्ये खेळावे लागले व त्यांचे आकडे मुख्य नोंदीत धरले जात नसत. मे २०२४ मध्ये या लीगची आकडेवारी अधिकृत नोंदीत समाविष्ट करण्यात आली व जॉश गिब्सन यांची ०.३७२ ही सरासरी सर्वकालीन यादीत प्रथम स्थानी आली. १९४७ मध्ये निधन पावलेल्या या खेळाडूने सत्त्याहत्तर वर्षांनी पहिला क्रमांक मिळविला. त्याचा एकही फटका नव्याने मारला गेला नव्हता. बदलली होती ती मोजणाऱ्यांची दृष्टी.

आपल्याकडे पळवणकर बंधूंची आठवण येथे अपरिहार्य आहे. बाळू पळवणकर यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले, तरी जातीमुळे हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. त्यांचे बंधू व उत्तम फलंदाज विठ्ठल यांना ते १९२३ मध्ये मिळाले. बळींचा आकडा तक्त्यात आहे. त्या आकड्यापुढे उभी असलेली भिंत तक्त्यात नाही.

जालना जिल्ह्याच्या संदर्भात

निंबाळकर पुण्यात ४४३ धावा करीत होते तेव्हा जालना हे हैदराबाद राज्यात होते. त्या राज्याचे भारतात विलीनीकरण होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. तेथून पुढे त्रेसष्ट वर्षांनी, २०११ मध्ये, जालन्याच्या विजय झोल याने १९ वर्षांखालील कूचबिहार करंडक स्पर्धेत महाराष्ट्रातर्फे आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या. २०१४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात त्याने भारताचे नेतृत्व केले. ४५१ ही संख्या ४४३ हून मोठी आहे. पण ती प्रथम श्रेणीच्या यादीत येत नाही, कारण स्पर्धेचा दर्जा निराळा आहे. आकडे एकाच यादीत मांडण्यापूर्वी ते एकाच जातीचे आहेत काय हे पाहावे, याचे याहून जवळचे उदाहरण आमच्या विद्यार्थ्यांना मिळणार नाही.

परंतु एका झोलमागे गावोगावचे अनेक फलंदाज असतात. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने एका संस्थेत जुन्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांच्या गुणनोंदवह्यांची चौकशी केली. कपाट रिकामे करताना त्या रद्दीत गेल्याचे समजले. त्या काळी खेळलेले एक गृहस्थ आजही आपल्या एका शतकाविषयी सांगतात. ते खरे सांगत असावेत. मात्र त्याला आता पुरावा नाही. आनंदजी डोसा, सुधीर वैद्य यांच्यासारख्या संख्यातज्ज्ञांनी आयुष्यभर जपलेल्या नोंदींमुळे मर्चंट व हजारे आपल्यापर्यंत पोहोचले. जिल्हास्तरावरील खेळाडूंना असा नोंदकर्ता लाभला नाही.

समारोप

वरील विवेचनातून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. सरासरी वाचताना डावांची संख्या व नाबाद डाव पाहावेत. मोठ्या धावसंख्येचे मोल संघाच्या एकूण धावा व समकालीन खेळ यांच्या संदर्भात ठरवावे. न मिळालेल्या संधींची जाणीव ठेवावी. आणि ज्यांची नोंदच नाही त्यांना शून्य समजू नये.

महाविद्यालयांच्या क्रीडा विभागांनी प्रत्येक सामन्याची गुणनोंदवही ग्रंथालयात दाखल करून तिला दाखलअंक द्यावा, अशी एक नम्र सूचना येथे करावीशी वाटते. त्यासाठी वेगळ्या निधीची आवश्यकता नाही. निंबाळकरांच्या नऊ धावा राहून गेल्या, हे आपल्याला आज ठाऊक आहे, कारण कोणीतरी त्या दिवशी पेन्सिल घेऊन प्रत्येक चेंडू लिहीत बसले होते.