आजारपणाचा रांजण कोण भरतो?

सातारा-सांगली भागात एखाद्या घरात मोठे दुखणे आले की गावात दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, काय झाले आहे? आणि दुसरा, कार्डावर बसते का? ‘कार्ड’ म्हणजे शिधापत्रिका, आणि ‘बसते का’ म्हणजे शासनाच्या आरोग्य योजनेतून खर्च भागेल का. बसत नसेल तर पुढच्या पायऱ्याही ठरलेल्या असतात : पतसंस्था, सोनेतारण, पाहुणेरावळे आणि शेवटी दहा-वीस गुंठे जमीन. आजार शरीराला होतो. पण त्याने घर किती खचेल, हे त्या उपचाराचा पैसा आधी कुठे जमा झाला होता की नव्हता यावर ठरते. हा पैसा आधी जमा करण्याच्या कोणत्या रीती निरनिराळ्या देशांनी शोधल्या आणि त्यांपैकी कोणत्या आपल्या दोन जिल्ह्यांत नांदत आहेत, ते पाहू या.

रांजणाचे गणित

समजा, एका गावात १,००० कुटुंबे आहेत. वर्षभरात त्यांतल्या साधारण २० कुटुंबांत शस्त्रक्रियेची वेळ येते आणि प्रत्येकीचा खर्च ६०,००० रुपये आहे. एकूण खर्च झाला १२ लाख. प्रत्येक कुटुंबाने वर्षाला १,२०० रुपये एका रांजणात टाकले, तर सगळ्यांचा खर्च भागतो. कोणावर पाळी येणार हे कोणालाच ठाऊक नसते. किती जणांवर येणार हे मात्र बऱ्यापैकी ठाऊक असते. विम्याचे सारे शास्त्र या एका वाक्यात आहे.

आता हाच रांजण फक्त १० कुटुंबांनी मांडला तर? दहापैकी सुमारे आठ वर्षे कोणालाच शस्त्रक्रिया लागणार नाही. पण ज्या वर्षी लागेल त्या वर्षी जमा १२,००० आणि खर्च ६०,०००! याउलट १,००० कुटुंबांत रुग्णांची संख्या बहुधा ११ ते २९ यांच्या दरम्यान राहते, आणि एक लाख कुटुंबांत २,००० च्या आसपास फार तर ९० कमी-जास्त. लोक जितके अधिक, तितका अंदाज पक्का. म्हणून रांजण मोठा हवा.

तो मिश्रही हवा. भिशीत प्रत्येकाचे पैसे पाळीपाळीने परत मिळतात. विम्यात तसे नसते. आपला हप्ता वाया गेला तर ते आपले भाग्यच. हे न पटलेले धडधाकट लोक बाहेर राहतात, रांजणात आजारीच उरतात, हप्ता वाढतो, मग आणखी काही जण बाहेर पडतात. शेवटी रांजण फुटतो. सक्तीवाचून हा पेच सुटत नाही, हे बहुतेक देश अनुभवाने शिकले.

देशोदेशींच्या रीती

सक्तीची पहिली मोठी रीत जर्मनीची. १८८३ मध्ये चान्सलर बिस्मार्क यांच्या काळात कामगारांच्या आजारविम्याचा कायदा झाला. पगारातून कपात करायची आणि ती आजारनिधी संस्थांकडे जमा करायची. प्रारंभी दोन तृतीयांश वाटा कामगाराचा व एक तृतीयांश मालकाचा होता. आज दोघांचा निम्मा-निम्मा असतो. कपात मिळकतीच्या प्रमाणात होते, आजाराच्या नव्हे. मधुमेही कामगार आणि पैलवान कामगार यांचा पगार सारखा, तर त्यांची कपातही सारखी.

दुसरी रीत ब्रिटनची. दक्षिण वेल्समधील ट्रेडेगर या गावी खाणकामगार व पोलाद कामगार आपल्या पगारातून थोडे पैसे बाजूला काढून डॉक्टर नेमत आणि दवाखाना चालवत. त्याच गावचे अन्यूरिन बेव्हन पुढे आरोग्यमंत्री झाले आणि ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. तिचा रांजण मुख्यतः करांतून भरतो. तेथे वेगळा हप्ता नाही. रुग्णालये बहुतांशी सरकारी आहेत.

तिसरी रीत कॅनडाची : पैसा सरकार भरते, डॉक्टर बहुधा खासगी. सास्काचेवान या शेतकरी प्रांताने १९४७ मध्ये रुग्णालयाच्या खर्चाची हमी दिली आणि १९६२ मध्ये डॉक्टरांच्या फीचीही. त्या वेळी तेथील डॉक्टरांनी २३ दिवस संप केला. तरी योजना टिकली आणि पुढे साऱ्या देशात पसरली. जपानपुढचा प्रश्न आणखी आपल्यासारखा होता. शेतकरी, दुकानदार यांना पगारपत्रकच नसते, मग कपात करायची कशातून? तेथे अशा लोकांचा विमा गाव व शहर पातळीवरील स्थानिक संस्थांकडे सोपवला आणि १९६१ पर्यंत सर्व नागरिक विम्याखाली आले.

चौथी रीत अमेरिकेची, आणि तिचा आरंभ शिक्षकांपासून झाला. १९२९ मध्ये टेक्सास राज्यातील डॅलस शहरी एका रुग्णालयाने तेथील शाळाशिक्षकांशी करार केला : महिना ५० सेंट भरा, वर्षात २१ दिवसांपर्यंत रुग्णालयात राहण्याचा खर्च आमचा. पुढे खासगी कंपन्यांनी तरुण, निरोगी गट स्वस्तात उचलले. म्हातारे आणि गरीब मागे उरले, आणि त्यांच्यासाठी १९६५ मध्ये सरकारला वेगळ्या योजना काढाव्या लागल्या. रांजण मिश्र नसला की काय होते, त्याचा हा मोठा धडा आहे.

आपल्या दोन जिल्ह्यांतले रांजण

गंमत अशी की या साऱ्या रीती आपल्याकडे एकाच वेळी, शेजारीशेजारी आहेत.

उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि मिरजेचे १९६२ साली स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही ब्रिटनची रीत. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये, हे १९४६ च्या भोर समितीच्या अहवालाचे सूत्र त्यामागे आहे.

कुपवाड किंवा साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील कामगाराला लागू होणारी कर्मचारी राज्य विमा योजना ही जर्मनीची रीत. १९४८ च्या कायद्याने ती आली. जुलै २०१९ पासून पगाराच्या ०.७५ टक्के कामगार भरतो आणि ३.२५ टक्के मालक. दवाखाना, औषधे आणि आजारपणातील बुडालेल्या पगाराची काही भरपाईही तीत मिळते. पण याच कायद्याने हंगामी कारखाने वगळले, आणि हंगामी कारखान्यांच्या व्याख्येत साखर व गूळ ही नावे स्पष्टपणे घातलेली होती. म्हणजे ज्या भागाचे अर्थकारण गळिताच्या हंगामावर फिरते, तेथील मुख्य उद्योगच या रांजणाबाहेर ठेवला गेला.

तिसरा रांजण राज्य शासनाच्या योजनेचा. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत सातारा-सांगली नव्हते. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर आली, तेव्हा आपली पाळी लागली. सुरुवातीला हप्ता शासनाने भरला, विमा कंपनी सरकारी मालकीची होती आणि रुग्णालये सरकारी व खासगी दोन्ही होती. म्हणजे कॅनडाचीच धाटणी. पिवळ्या व केशरी कार्डावर कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत संरक्षण होते. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतीराव फुले यांचे नाव मिळाले. फुल्यांचे मूळ घराणे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, हे येथे आठवायला हरकत नाही. पुढे केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी ती जोडली गेली. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने मर्यादा पाच लाख झाली आणि पांढऱ्या कार्डासह सर्व कुटुंबे पात्र ठरली.

अनुदानित शाळेतील शिक्षकांना ठरावीक आजारांच्या खर्चाची प्रतिपूर्ती मिळत आली आहे; मात्र आधी खिशातून भरायचे आणि मग बिलामागे फिरायचे. आणि ज्याचा आजार कोठेच बसत नाही, त्याला उरतो स्वतःचा खिसा.

भोक कोठे आहे?

खिशातून होणारा खर्च घटतो आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातील वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्के झाला. तरीही हा वाटा मोठाच आहे, आणि त्याचे एक कारण योजनेच्या रचनेत आहे. हा रांजण उघडतो तो रुग्ण दाखल झाल्यावर. हृदयविकाराचा झटका आला तर अँजिओप्लास्टी योजनेत बसते. तो टाळणारी रक्तदाबाची रोजची गोळी बसत नाही. ती आरोग्य केंद्रात मोफत मिळाली तर ठीक, नाहीतर औषधाच्या दुकानातून आणायची. हात आखडला की पहिल्यांदा गोळीच बंद होते. म्हणून मोठ्या शस्त्रक्रियेची हमी जितकी मोलाची, तितकेच मोल गावच्या आरोग्य केंद्रात औषधांचे कपाट भरलेले असण्याला आहे.

डॉक्टरला पैसे कसे द्यायचे, यावरही बरेच ठरते. प्रत्येक तपासणीमागे फी दिली तर तपासण्या वाढतात. आपल्या योजनेसारखी एका उपचाराची ठोक रक्कम दिली तर खर्चाला वेसण बसते. पण दर परवडत नाही म्हणून रुग्णालय टाळाटाळ करण्याचा धोका राहतो. ब्रिटनमधील कुटुंबवैद्याला मिळकतीचा मोठा भाग नोंदलेल्या माणसांच्या संख्येवर मिळतो. आपल्या बलुत्याचा हिशेब काहीसा असाच होता : सुताराला खळ्यावर धान्य मिळे, मग वर्षात नांगर एकदा मोडो की चारदा. बलुत्यातील जातीचे जोखड मुळीच नको. पण ‘काम मोजून नव्हे, वर्षाची जबाबदारी घेऊन’ हा हिशेब समजायला ते उदाहरण सोपे आहे.

आणि पगारपत्रक नसलेल्यांचे काय? सांगलीच्या सीमेपलीकडे कर्नाटकाने २००३ मध्ये सहकारी संस्थांच्या शेतकरी सभासदांसाठी यशस्विनी योजना चालू केली. प्रारंभी हप्ता माणशी वर्षाला ६० रुपये होता. २०१८ मध्ये ती राज्याच्या दुसऱ्या योजनेत विलीन झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा काढण्यात आली. सहकार ज्यांच्या अंगवळणी पडला आहे, त्या आपल्या दोन जिल्ह्यांना ही कल्पना परकी वाटू नये. उसाच्या बिलातून टनामागे कपात कशी होते, हे येथे शाळकरी पोरालाही माहीत असते.

वर्गात करून पाहा

४० मुलांना प्रत्येकी दहा चिंचोके द्या. सगळ्यांची नावे डब्यात टाका आणि दर फेरीला दोन चिठ्ठ्या काढा. ज्याचे नाव निघेल त्याला ‘उपचारासाठी’ १२ चिंचोके लागतात. एकट्याला ते जमणार नाही. मग प्रत्येकाने फेरीला एक चिंचोका मडक्यात टाकायचा : जमा ४०, खर्च २४. दोघे बरे होऊन १६ शिल्लक!

आता जाहीर करा की यापुढे डब्यात फक्त दहाच नावे राहतील, आणि उरलेल्या तिसांना हवे तर मडके सोडता येईल. त्यांनी सोडले तर जमा १०, खर्च तोच २४. दहाजणांना प्रत्येकी जवळजवळ अडीच चिंचोके भरावे लागतील आणि थोड्याच फेऱ्यांत ते संपतील. येथे खेळ थांबवा आणि त्या तिसांना विचारा : आज तुमचे नाव डब्यात नाही; पण तुम्ही साठीचे व्हाल तेव्हा? आणि आज तुमच्या आजीचे नाव कोणत्या डब्यात आहे?