गेऑर्ग फॉन बेकेशी : श्रवणविज्ञानातील कार्य आणि वारसा

प्रस्तावना

माणसाला ऐकू कसे येते, या प्रश्नाचे उत्तर आपल्या पाठ्यपुस्तकांत बहुधा एका परिच्छेदात आटोपले जाते. ध्वनी कानाच्या पडद्यावर आदळतो, मध्यकर्णातील तीन लहान अस्थी ते कंपन आतील कानाकडे नेतात, तेथील कॉक्लियामध्ये त्याचे विद्युत्‌संवेदनांत रूपांतर होते आणि श्रवणचेता त्या मेंदूपर्यंत पोहोचवते. या साखळीतील सर्वांत दुर्बोध दुवा कॉक्लियाचा आहे. गोगलगाईच्या शंखाप्रमाणे सुमारे अडीच वळसे घेतलेली ही द्रवाने भरलेली नलिका उलगडली, तर तिची लांबी जेमतेम ३५ मिलिमीटर भरते. एवढ्याशा जागेत मंद्र व तार स्वरांची निवड नेमकी कशी होते, याचे प्रत्यक्ष निरीक्षणावर आधारलेले पहिले उत्तर गेऑर्ग फॉन बेकेशी (१८९९-१९७२) या हंगेरियन भौतिकशास्त्रज्ञाने दिले. या कार्यासाठी त्यांना १९६१ सालचे शरीरक्रियाविज्ञान अथवा वैद्यक या विषयाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

बेकेशी यांचे निर्णायक प्रयोग मृत व्यक्तींच्या कानांवर झाले होते. जिवंत कानाविषयी नंतर मिळालेल्या ज्ञानाने त्यांच्या चित्रात मोठी भर घातली आणि काही बाबतीत ते बदललेही. त्यामुळे त्यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना त्यांनी काय पाहिले आणि त्यांच्या पद्धतीमुळे काय दिसू शकले नाही, या दोन्ही गोष्टींचा विचार करावा लागतो. प्रस्तुत लेखात तसा प्रयत्न केला आहे.

टपाल खात्याची प्रयोगशाळा

बेकेशी यांचा जन्म ३ जून १८९९ रोजी बुडापेस्ट येथे झाला. वडील राजनैतिक सेवेत असल्यामुळे त्यांचे शालेय शिक्षण म्युनिक, कॉन्स्टँटिनोपल, बुडापेस्ट व झुरिच अशा अनेक शहरांत झाले. बर्न येथे त्यांनी रसायनशास्त्राचा अभ्यास केला आणि १९२३ मध्ये बुडापेस्ट विद्यापीठातून भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. पहिल्या महायुद्धानंतरच्या हंगेरीत सुसज्ज प्रयोगशाळा दुर्मीळ होत्या. दूरध्वनीच्या आंतरराष्ट्रीय तारा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी असल्यामुळे टपाल खात्याची प्रयोगशाळा मात्र चांगल्या उपकरणांनी युक्त होती. बेकेशी तेथे रुजू झाले व १९४६ पर्यंत तेथेच राहिले. दरम्यान १९४० मध्ये ते बुडापेस्ट विद्यापीठात प्राध्यापकही झाले.

श्रवणाच्या अभ्यासाकडे ते वळले ते याच नोकरीतून. दूरध्वनी यंत्रणेत सुधारणा करायची तर पैसा कोठे खर्च करावा, असा व्यवहारी प्रश्न खात्यापुढे होता. मानवी कानाची गुणवत्ता दूरध्वनीच्या तुलनेत किती सरस आहे, हे ठाऊक असल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर देता येत नव्हते. म्हणून बेकेशी यांनी दूरध्वनीतील पडद्याप्रमाणेच कानाच्या पडद्याचेही मोजमाप सुरू केले. खात्याच्या कार्यशाळेतील छिद्रण यंत्रावर ते कवटीचे अस्थिखंड कोरत असत. यंत्रांवर साचणाऱ्या अस्थिचूर्णामुळे तेथील कामगार नाराज होत, असेही नमूद आहे. अभियंत्याची हत्यारे शरीररचनाशास्त्राच्या कामी लावण्याची ही वृत्ती त्यांच्या संशोधनात अखेरपर्यंत टिकून राहिली.

चार उपपत्ती आणि एक मोजमाप

त्या काळी श्रवणाविषयी अनेक उपपत्ती प्रचलित होत्या. हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ च्या ग्रंथात मांडलेली अनुस्पंदनाची उपपत्ती त्यांत सर्वाधिक मान्यता पावलेली होती. कॉक्लियातील आधारपटलाचे (बेसिलर मेंब्रेनचे) आडवे तंतू पियानोच्या तारांसारखे ताणलेले असून प्रत्येक तंतू आपापल्या स्वराला कंप पावतो, असे तिचे सार होते. दूरध्वनी उपपत्तीनुसार संपूर्ण पटल एकदम कंप पावते व स्वरांचे विश्लेषण मेंदू करतो. याखेरीज पटलावर स्थिर तरंग निर्माण होतात असा एक पक्ष होता, तर प्रगामी तरंग निर्माण होतात असा दुसरा.

या चारही उपपत्ती परस्परविरोधी वाटत असल्या, तरी त्यांच्यातील भेद पटलाच्या दोन यांत्रिक गुणधर्मांवर अवलंबून आहे, हे बेकेशी यांनी दाखवून दिले. एक गुणधर्म म्हणजे पटलाचा ताठरपणा आणि दुसरा म्हणजे त्याच्या शेजारच्या भागांची परस्परांशी असलेली जोडणी. या दोन राशींची मूल्ये बदलत गेल्यास एकाच प्रतिकृतीतून चारही प्रकारची कंपने मिळतात. म्हणजेच वाद युक्तिवादाने सुटणारा नव्हता. खऱ्या कॉक्लियात या राशींची मूल्ये किती आहेत, हे मोजणे हाच त्यावरचा उपाय होता.

त्यांनी हे मोजमाप केले. पटलाला सूक्ष्म छेद दिला असता कडा मागे ओढल्या जात नाहीत, असे त्यांना आढळले. पटल तारेप्रमाणे ताणलेले असते, तर छेद फाकला असता. हेल्महोल्ट्झ यांचे मूळ गृहीतक या साध्या चाचणीसमोर टिकले नाही. त्याचबरोबर, मध्यकर्णाजवळच्या तळापासून आतील शिखरापर्यंत पटलाचा ताठरपणा सुमारे शंभरपटींनी कमी होत जातो, हेही त्यांनी निश्चित केले. नलिका शिखराकडे निमुळती होत असताना पटल मात्र रुंद होत जाते.

प्रगामी तरंग

पुढची पायरी प्रत्यक्ष कंपन पाहण्याची होती. द्रवाखाली सूक्ष्म शस्त्रक्रिया करून बेकेशी यांनी मानवी कॉक्लियाला खिडकी पाडली, पारदर्शक पटलावर चांदीचे सूक्ष्म कण टाकले आणि स्ट्रोबोस्कोपच्या लुकलुकत्या प्रकाशात सूक्ष्मदर्शकातून त्या कणांची हालचाल टिपली. या संशोधनाचे पहिले महत्त्वाचे लेखन १९२८ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्यांना दिसले ते असे : ध्वनीचे कंपन आत शिरताच पटलावर तळाकडून शिखराकडे जाणारी लाट उठते. दोरीचे एक टोक झटकल्यावर तिच्यावरून लाट सरकते, त्याची आठवण यावी असे हे दृश्य होते. फरक इतकाच, की ही लाट पुढे जाताना वाढत जाते, एका विशिष्ट ठिकाणी सर्वाधिक उंच होते आणि त्यानंतर झपाट्याने विरते. उंचीचे हे ठिकाण वारंवारतेनुसार बदलते. तार स्वरांची लाट ताठर तळाजवळच संपते, तर मंद्र स्वरांची लाट शिखरापर्यंत पोहोचते. अशा रीतीने स्वराची वारंवारता पटलावरील स्थानात रूपांतरित होते. प्रत्येक वारंवारतेला कॉक्लियात स्वतंत्र स्थान असते, हा हेल्महोल्ट्झ यांचा विचार कायम राहिला. त्यामागील यंत्रणा मात्र बदलली.

१९४६ मध्ये बेकेशी स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेत गेले व १९४७ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या मनोध्वनिकी प्रयोगशाळेत दाखल झाले. कॉक्लियातील द्रवाच्या आत कायमस्वरूपी धन विद्युत् विभव असतो, हा त्यांचा महत्त्वाचा शोध १९५२ मधील आहे. त्यांचे विखुरलेले लेखन १९६० मध्ये ‘एक्स्पेरिमेंट्स इन हिअरिंग’ या ग्रंथात इंग्रजीत एकत्रित झाले. १९६६ पासून ते हवाई विद्यापीठात होते व १३ जून १९७२ रोजी होनोलुलू येथे त्यांचे निधन झाले.

मृत कान आणि जिवंत कान

बेकेशी यांच्या चित्रात एक अडचण होती व ती त्यांनाही जाणवली होती. त्यांनी पाहिलेल्या लाटेचा माथा फार पसरट होता. मात्र १,००० हर्ट्‌झच्या आसपास दोन-तीन हर्ट्‌झचा फरकही मानवी कान ओळखू शकतो. पसरट लाटेतून इतकी सूक्ष्म निवड कशी होणार? शेजारच्या चेतापेशी एकमेकींना दडपतात व त्यामुळे संवेदना मध्यभागी एकवटते, असे स्पष्टीकरण बेकेशी यांनी दिले. त्वचा, दृष्टी व श्रवण यांवरील प्रयोगांतून त्यांनी या विचाराचा विस्तार केला.

उत्तर मात्र दुसऱ्या दिशेने आले. १९४८ मध्येच थॉमस गोल्ड यांनी असे प्रतिपादन केले होते, की कॉक्लियात ऊर्जा पुरवणारी सक्रिय यंत्रणा असलीच पाहिजे. अन्यथा द्रवाच्या घर्षणामुळे इतकी तीक्ष्ण निवड अशक्य आहे. त्यावेळी या मताकडे फारसे लक्ष दिले गेले नाही. १९७१ मध्ये विल्यम ऱ्होड यांनी जिवंत माकडांच्या कॉक्लियाचे मोजमाप केले, तेव्हा क्षीण ध्वनीला पटलाचा प्रतिसाद प्रमाणाबाहेर मोठा असल्याचे आढळले. प्राणी मृत होताच हा अरेषीय गुणधर्म नाहीसा होत असे. १९७८ मध्ये डेव्हिड केम्प यांनी तर कान स्वतःच मंद ध्वनी बाहेर टाकतो, हे नोंदवून दाखवले. १९८५ मध्ये विल्यम ब्राउनेल व सहकाऱ्यांनी बाह्य रोमपेशी विद्युत् विभवातील बदलानुसार आखडतात व लांबतात, हे सिद्ध केले. या हालचालीमागील ‘प्रेस्टिन’ हे प्रथिन २००० मध्ये ओळखले गेले.

बेकेशी यांच्या हाती असलेल्या साधनांनी हे दिसणे शक्य नव्हते. मृत कानात रोमपेशी निष्क्रिय असतात. शिवाय कंपन सूक्ष्मदर्शकातून दिसावे यासाठी त्यांना अतितीव्र ध्वनी वापरावा लागे आणि अशा तीव्रतेला जिवंत कानातील प्रवर्धनाचाही प्रभाव उरत नाही. तरीही लाट, तिची दिशा व स्थानानुसार होणारी वारंवारतेची विभागणी हे त्यांचे निष्कर्ष टिकून आहेत. नव्या संशोधनाने याच लाटेला तीक्ष्ण करणारी सजीव यंत्रणा शोधून काढली.

उपयोजन

बेकेशी यांनी १९४७ मध्ये स्वयंनोंदणी करणारा श्रवणमापक तयार केला. आवाज ऐकू येत असेपर्यंत व्यक्तीने कळ दाबून ठेवायची व ऐकू येईनासा झाला की सोडायची. त्यानुसार आवाज कमी-जास्त होत जातो आणि कागदावर नागमोडी आलेख उमटतो. दोष आतील कानात आहे की चेतेत, याचा अंदाज घेण्यासाठी हे आलेख पुढे वापरले गेले. कॉक्लियर इम्प्लांटमध्ये तार स्वरांचे संकेत तळाजवळच्या व मंद्र स्वरांचे संकेत आतील विद्युत्‌अग्रांकडे पाठवले जातात. त्याचा आधार स्थानानुसार होणारी ही विभागणीच आहे.

केम्प यांनी शोधलेल्या ध्वनींच्या आधारे आज नवजात बालकाच्या कानाची चाचणी काही मिनिटांत होते व त्यासाठी बालकाच्या प्रतिसादाची गरज लागत नाही. मात्र ही चाचणी बाह्य रोमपेशींविषयी सांगते. श्रवणचेतेतील दोषासाठी वेगळी तपासणी करावी लागते. भारतात २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बधिरत्वाचा समावेश आहे. भाषा शिकण्याची वर्षे हातची निघून जाण्यापूर्वी निदान होणे किती निकडीचे आहे, हे श्रवणदोष असलेल्या विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या अध्यापकांना वेगळे सांगावयास नको.

समारोप

रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, दूरध्वनी अभियांत्रिकी, शरीरक्रियाविज्ञान व मानसशास्त्र अशा अनेक शाखांमधून बेकेशी यांनी संचार केला. त्यांनी जमवलेला मोठा कलासंग्रह नोबेल प्रतिष्ठानाकडे गेला. आंतरविद्याशाखीय अभ्यासाचे उदाहरण म्हणून त्यांचे नाव घेतले जाते व ते योग्यच आहे. परंतु अध्यापकांच्या दृष्टीने त्यांच्या कार्याचा आणखी एक बोध आहे. उपपत्तींचा वाद मोजता येईल अशा राशींमध्ये रूपांतरित करणे, हे त्यांचे सर्वांत मोठे योगदान होय. मोजमाप उघडपणे मांडले गेल्यामुळेच त्याच्या मर्यादाही पुढील संशोधकांना नेमक्या ठिकाणी सापडल्या.

आपल्या चुका शोधण्यासाठी चिकित्सक मित्र उपयोगी पडतो, पण विरोधक त्याहून अधिक उपयोगी पडतो, अशा आशयाचे विचार त्यांनी आपल्या ग्रंथात मांडले आहेत. वर्गात कॉक्लियाची आकृती काढताना प्रगामी तरंगाबरोबरच तो कोणत्या कानात, कोणत्या तीव्रतेच्या ध्वनीने पाहिला गेला, हेही विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे. असे केल्याने बेकेशी यांचे श्रेय कमी होत नाही. एका निरीक्षणाची व्याप्ती कोठपर्यंत आहे, हे तपासण्याची सवय मात्र विद्यार्थ्यांना लागते.