कार्डात काय भरू?

भारतातल्या मोबाइलची गोष्ट सांगताना दोन तारखा हमखास येतात. ३१ जुलै १९९५, म्हणजे ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला सुखराम यांना पहिला फोन लावला तो दिवस. आणि ५ सप्टेंबर २०१६, म्हणजे जिओ सुरू झालं तो. पहिल्या दिवशी बिनवायरचं बोलणं आलं, दुसऱ्या दिवशी स्वस्त इंटरनेट. पण नुसतं बोलायचं हे यंत्र गाण्यांचं, सिनेमाचं, खेळांचं आणि थोडंबहुत वाचनाचंही कधी झालं, हे या दोन तारखांवरून कळत नाही. निदान तालुक्याच्या गावांपुरतं तरी ते एसटी स्टँडसमोरच्या दुकानात घडलं. आत एक कॉम्प्युटर, काउंटरवर रिचार्जच्या कूपनांची चळत आणि काचेवर चिकटपट्टीने लावलेला कागद: 'मेमरी कार्ड फुल २० रु.'

हा धंदा काही आकाशातून पडला नव्हता. ऐंशीच्या दशकात कॅसेट भरून देणारे होतेच. वहीच्या पानावर गाण्यांची यादी करायची, साठ की नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट द्यायची आणि दोन दिवसांनी न्यायला यायचं. आशाताईंचं एखादं गाणं बाजूच्या शेवटी अर्ध्यावर तुटायचं, त्याबद्दल कुणी भांडायचं नाही. मग सीडी आली, एकाच सीडीत शंभर-दीडशे गाणी मावणारी एमपी३ आली. गिऱ्हाईक तेच, त्याची मागणी तीच. भरायचं भांडं तेवढं लहान होत गेलं.

ते किती लहान झालं ते बघा. मायक्रो एसडी कार्ड १५ मिलिमीटर लांब, ११ मिलिमीटर रुंद आणि १ मिलिमीटर जाड असतं. त्याच्या पोटातली नँड फ्लॅश मेमरी ही तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांच्या चमूची १९८७ सालची देणगी. वीज गेली तरी लिहिलेलं पुसत नाही, फिरणारा एकही भाग नाही, त्यामुळे कार्ड पडलं, घामात भिजलं तरी बहुधा वाचतं. सॅनडिस्कने २००४ मध्ये ट्रान्सफ्लॅश नावाने हे इवलंसं कार्ड काढलं आणि पुढच्या वर्षी मायक्रो एसडी या नावाने त्याचं प्रमाण ठरलं. नेहमीच्या १२८ केबीपीएस दर्जाचं एमपी३ गाणं मिनिटाला साधारण एक एमबी जागा घेतं. म्हणजे पाच मिनिटांची चारशेएक गाणी दोन जीबीत आरामात बसायची. कॅसेटच्या हिशेबाने हे अख्खं कपाट झालं.

कार्ड लोकांपर्यंत आलं ते मात्र एका जाडजूड फोनमुळे. नोकियाचा ६६०० हा २००३ चा. त्याच वर्षी इनकमिंग फुकट झालं, त्याच वर्षी बॅटरीवाला ११०० आला (आपल्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात) आणि तो पुढे जगभरात २५ कोटींहून जास्त खपला. ११०० सगळ्यांनी वापरला आणि ६६०० सगळ्यांनी दुसऱ्याच्या हातात पाहिला, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही. ६६०० मध्ये व्हीजीए कॅमेरा होता, रंगीत पडदा होता, सिम्बियन नावाची ऑपरेटिंग सिस्टिम होती आणि बॅटरीखाली कार्डाची जागा होती. ते कार्ड मायक्रो एसडीहून मोठं, एमएमसी जातीचं. फोनसोबत मिळायचं ते ३२ एमबीचं. त्यात जेमतेम सहा-सात गाणी मावत. शिवाय एमपी३ वाजवायची सोय मुळात फोनमध्ये नव्हतीच, त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर टाकावं लागे.

माझ्या मते याच गैरसोयीने मोठं काम केलं. कंपनीने दिलं तेवढ्यावर भागत नाही, बाहेरून काहीतरी टाकता येतं, आणि टाकलं की यंत्र बदलतं, हे लोकांना कळलं. कॉम्प्युटर म्हणजे काय याची ही खरी पहिली शिकवणी, आणि ती कुठल्याही क्लासच्या फीशिवाय झाली. २००४ मध्ये 'काबिर' नावाचा व्हायरस ब्लूटूथवरून एका सिम्बियन फोनमधून दुसऱ्यात शिरू लागला. 'अनोळखी माणसाचं ब्लूटूथ घेऊ नको' हा उपदेश एसटीच्या मागच्या सीटवर बसलेल्या पोरांना तेव्हापासून पाठ झाला.

पाच एमबीचं गाणं ब्लूटूथवरून जायला मिनिटभर लागे. त्या मिनिटात दोघांना शेजारी उभं राहून बोलावं लागायचं, हा फायदा कुणी मोजला नाही.

दुकानात येऊ. कॉम्प्युटरच्या डिस्कमध्ये फोल्डरं असत: नवीन हिंदी, जुनी हिंदी, मराठी पिक्चर, लावणी, भीमगीतं, भक्ती, कीर्तन, डीजे, साउथ डब. चौदा एप्रिलच्या आधी भीमगीतांना आणि आषाढीच्या आधी अभंगांना जोर. गणपतीत प्रल्हाद शिंदे, लग्नसराईत डीजे मिक्स. गिऱ्हाईक कार्ड काढून देई. नख नसेल तर दुकानदार टाचणीने काढी, अडॅप्टरमध्ये घालून रीडरला लावी आणि विचारी, "दादा, कार्डात काय भरू?" नव्वद टक्के लोक म्हणायचे, "भरा तुम्हीच, चांगलं बघून." मग तो माणसाकडे बघायचा. धोतर-टोपी असेल तर बाबामहाराज सातारकरांची कीर्तनं, कॉलेजची बॅग असेल तर नवीन हिंदी, ट्रकचा किन्नर असेल तर नव्वदच्या दशकातली दर्दभरी. आज ही निवड कॅलिफोर्नियातला सर्व्हर करतो आणि त्याचं मोठं कौतुक होतं. दुकानदार ती एका नजरेत करायचा, आणि चुकला तर गिऱ्हाईक परत येऊन तोंडावर सांगायचं.

सिनेमाची तऱ्हा वेगळी. थ्रीजीपी नावाच्या फाइलीत चित्र १७६ बाय १४४ ठिपक्यांचं. अडीच तासांचा पिक्चर दीडशे-दोनशे एमबीत दाबून बसवलेला. त्यात नायिकेचा चेहरा ओळखू यायचा तो आवाजावरून. तरी रात्री पिकाला पाणी द्यायला गेलेल्या माणसाला लाइट येईपर्यंत तेवढं पुरायचं. पुढे चांगले पडदे आले तशी एमपी४ आली आणि एका कार्डात दहा पिक्चर बसू लागले.

कार्ड भरून घेणाऱ्या या माणसाची गरज नोकियाच्या आधी चीनमधल्या कारखानदारांना नीट कळली, असं मला वाटतं. तैवानच्या मीडियाटेकने चिपसोबत जवळजवळ अख्ख्या फोनची तयार मांडणीच विकायला काढली. मग शेंझेनमधल्या कुणालाही फोन बनवता येऊ लागला. दोन सिम, पंधरा-पंधरा दिवस टिकेल असं सांगितलेली बॅटरी, ओढून काढायची टीव्हीची अँटेना आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे बांधावरून विहिरीपर्यंत ऐकू जाणारा स्पीकर. मुंबईच्या मनीष मार्केटमधून, पुण्याच्या तपकीर गल्लीतून हे 'चायना मोबाइल' गावोगाव गेले. शहरी माणसांनी त्यांच्या कर्कशपणाची टिंगल केली. पण हेडफोन कानात घालून एकट्याने ऐकणं ही ज्याला स्वतःची खोली आहे त्याची सवय. शेतात, हमालांच्या ओट्यावर, वीटभट्टीवर गाणं चौघांत वाजायला लागतं. फोनमध्ये रेडिओ-टेप शोधणाऱ्याला टेपचाच आवाज हवा होता. १ डिसेंबर २००९ पासून आयएमईआय क्रमांक नसलेल्या फोनची सेवा सरकारने बंद करायला लावली. त्याआधी दुकानांत तो क्रमांक अधिकृतपणे बसवून घ्यायची सोय होती, त्यासाठी रांगा लागल्या. ज्यांनी तो बसवला नाही, त्यांचे फोन बोलण्यापुरते मेले. गाणी मात्र वाजतच राहिली. बिनसिमचा चायना मोबाइल गोठ्यात टांगून ठेवलेला अनेकांनी पाहिला असेल.

चायना फोनसोबत खोटी कार्डंही आली. वर ८ जीबी छापलेलं, आत खरी मेमरी दोन जीबीच. कार्डातला कंट्रोलर खोटं सांगायचा, फोन आणि कॉम्प्युटर दोघंही ते खरं मानायचे. पहिली चारशे गाणी नीट वाजत. पुढच्यांची नावं दिसत, पण लावलं की शांतता. दुकानदार म्हणायचा, "फॉरमॅट मारतो." फॉरमॅट मारून काही होणार नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक असायचं.

हा धंदा बेकायदा होता, ते गुळमुळीत सांगण्यात अर्थ नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. संगीत कंपन्यांची माणसं पोलिसांना घेऊन दुकानांवर छापे घालत, कॉम्प्युटर उचलून नेत. पुढे कंपन्यांनीच गाणी भरण्याचे परवाने विकायला सुरुवात केली. वीस रुपयांच्या धंद्यात परवान्याची फी कुठून काढायची, हे कोडं काही सुटलं नाही. गायक-वादकांचं यात नुकसान झालं हे खरं. 'सैराट' २०१६ मध्ये थिएटरात गर्दी खेचत असतानाच त्याची प्रत बाहेर फुटली, तेव्हा ती फोनांत शिरायला फार दिवस लागले नाहीत. पण ज्या शाहिरांची, कव्वालांची, भारुडं म्हणणाऱ्यांची कॅसेट कुठलीच कंपनी नव्याने काढणार नव्हती, त्यांचा आवाज जिवंत राहिला तोही याच डिस्कांमध्ये. असं फक्त आपल्याकडेच झालं नाही. मालीमधल्या किदाल गावात लोकांच्या फोनमधल्या कार्डांवरून जमवलेल्या गाण्यांचा 'म्युझिक फ्रॉम सहारन सेलफोन्स' नावाचा संग्रहच निघाला आहे. वाळवंटातही इंटरनेट नव्हतं, ब्लूटूथ होतं.

डिस्कमध्ये आणखी एक फोल्डर असे. त्याचं नाव भलतंच काही असायचं आणि ते मागणारा माणूस आवाज खाली आणायचा. दुकानाच्या पायरीवर बायका-मुली फारशा का दिसत नसत, याचं एक कारण हे. घरातल्या बाईचं कार्ड भाऊ किंवा नवरा भरून आणी, म्हणजे तिने काय ऐकायचं हेही दोन पुरुष ठरवत. मोबाइलने स्वातंत्र्य दिलं म्हणणाऱ्यांनी हा हिशेबही मांडावा.

गाण्यांच्या मागोमाग खेळ आणि सॉफ्टवेअर आलं. जावाचे गेम पडद्याच्या मापाने निवडावे लागत. १२८ बाय १६० की २४० बाय ३२०, हे आकडे दहावी नापास मुलाला तोंडपाठ असत. ऑपेरा मिनी हे त्यातलं खरं रत्न. ते वेबपान आधी आपल्या सर्व्हरवर उघडून, दाबून, छोटं करून फोनकडे धाडायचं. त्यामुळे टूजीवरही पान उघडायचं. अडचण होती ती देवनागरीची. फोनमध्ये फॉन्ट नसल्याने मराठी बातमीच्या जागी नुसते चौकोन दिसत. मग कुणीतरी युक्ती शोधली: पत्त्याच्या पट्टीत 'ऑपेरा कोलन कॉन्फिग' इंग्रजीत टाइप करायचं आणि अगदी खालचा, बिटमॅप फॉन्टचा पर्याय 'येस' करायचा. मग मराठी अक्षरं चित्रांच्या रूपाने येत. ही युक्ती दुकानदार दहा रुपयांत करून द्यायचे. मराठी वाचता यावी म्हणून पैसे मोजणारं गिऱ्हाईक होतं, याची दखल फोन कंपन्यांनी फार उशिरा घेतली.

जिओ आलं आणि हे सगळं भराभर उतरणीला लागलं. आधी एक जीबी डेटाला दोनशे-अडीचशे रुपये पडत, तेव्हा वीस रुपयांचं भरलेलं कार्ड हा शहाणपणाचा सौदा होता. तो हिशेबच उलटा झाला. २०१७ मध्ये पंधराशे रुपयांच्या अनामतीवर जिओफोन आला आणि बटणांच्या फोनवरही स्वस्त इंटरनेट सुरू झालं. दुकानदारांनी फोल्डरं बंद केली, कव्हरं आणि टेम्पर्ड ग्लास टांगली. मौज अशी की त्याच २०१७ साली सारेगामाने 'कारवाँ' नावाचा डबा बाजारात आणला: जुन्या रेडिओसारखा दिसणारा, आत पाच हजार गाणी आधीच भरलेली, इंटरनेटची गरज नाही. किंमत काही हजार रुपये. पुढे त्याची मराठी आवृत्तीही निघाली. वडीलधाऱ्यांना भेट म्हणून तो धडाधड खपला. स्टँडवरचा दुकानदार जे वीस रुपयांत देत होता त्यासाठी त्याच्यावर छापा पडत होता. कंपनीने तेच विकलं तर त्याला कल्पकता म्हणायचं. हक्क कंपनीचा आहे, तिने विकावं, मान्य. पण आपलं गिऱ्हाईक कोण आणि त्याला काय लागतं, हे ती कुणाकडून शिकली तेही लक्षात असू द्यावं.

धंदा पुरता मेलेला नाही. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर टेप लागतोच, आणि फडापासून कारखान्यापर्यंतच्या रस्त्यावर रेंज मध्येच जाते. त्यामुळे गळीत हंगाम सुरू झाला की पेनड्राइव्ह भरायला ड्रायव्हर येतात. आता ३२ जीबी भरायला शंभर रुपये वगैरे पडतात आणि गाणी यूट्यूबवरून उतरवलेली असतात, त्यामुळे मधूनच एखाद्या चॅनेलवाल्याची 'सबस्क्राइब करा' अशी हाक ऐकू येते. कीर्तनाचं फोल्डर मात्र अजून जुन्याच डिस्कवरून येतं, कारण त्यातली बरीचशी रेकॉर्डिंगं यूट्यूबवर नाहीत.