लाल गावात कोण कुठलं पाणी पितं?

दर्यापूरकडे कुणाच्या घरी पाणी मागितलं की तांब्या पुढे करणारी आधीच सांगते, "हे बोरचं नाही जी, नळाचं हाय." बोरच्या पाण्यात दाळ शिजत नाही, हंड्याला पांढरा थर धरतो, नव्या सुनेला हे पहिल्याच आठवड्यात कळतं. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा अमरावती, अकोला, बुलडाणा या जिल्ह्यांत पसरलाय. इथे किडनीच्या आजाराचा विषय निघाला की हल्ली कुणीतरी मोबाइलवर पाण्यातल्या क्षारांचा रंगीत नकाशा दाखवतो, खारी गावं लाल रंगवलेला, आणि वाद मिटल्यासारखा गप्प बसतो.

गैरसमज : हा नकाशा उपग्रहावरून काढलाय, त्याला खारं पाणी दिसतं.
वस्तुस्थिती : त्याला पीक, नदीनाले, फार तर मातीवर फुललेला क्षार दिसतो. बोरमधलं पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेतच न्यावं लागतं. भारतीय मानकानुसार विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरी सोयच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. नकाशाला रंग चढतो तो अशा तपासण्यांवरून. दोन विहिरींच्या मधल्या गावांचा रंग मात्र पुष्कळदा नुसता गणिती अंदाज असतो.

गैरसमज : क्षारांचा आणि रुग्णांचा नकाशा एकमेकांवर बसला, म्हणजे कारण सापडलं.
वस्तुस्थिती : संशय बळावला, एवढंच. मधुमेह, रक्तदाब, अंगदुखीवर रोज घेतलेल्या गोळ्या यांनीही किडनी जाते. दाखला हमखास कॉलऱ्याच्या मृत्यूंचा नकाशा काढणाऱ्या डॉक्टर जॉन स्नोचा देतात. पण 1854 साली ती साथ थांबवायला लंडनमधल्या ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याच्या पंपाचा दांडा काढला, तेव्हा त्याचा तो प्रसिद्ध नकाशा छापलेलाही नव्हता. मेलेला माणूस कुठलं पाणी प्यायचा, हे त्याने आधी घरोघर जाऊन विचारलं होतं. आपल्याकडे तर हा प्रश्न टाळताच येत नाही. अकोट-तेल्हाऱ्याच्या कितीतरी गावांत वान धरणाचं गोडं पाणी येतं. गाव नकाशावर लालभडक आणि माणूस नळाचं पाणी पिणारा, असं सहज होतं. नळ येण्याआधी तो किती वर्षं हापशीचं प्यायला, हे त्यालाच विचारावं लागेल.

गैरसमज : नकाशावर रुग्णाचा ठिपका जिथे, आजार तिथे.
वस्तुस्थिती : डायलिसिससाठी अकोल्यात खोली करून राहिलेल्याने तोच पत्ता लिहिला, की ठिपका अकोल्यात पडतो. वडगाव आणि पिंपळगाव तर आपल्याकडे पायलीला पन्नास! म्हणून गावाच्या नावावर न जाता जनगणनेतला गाव-क्रमांक धरावा.

गैरसमज : नकाशावर कोरी जागा म्हणजे निरोगी गाव.
वस्तुस्थिती : शेजारच्या डोंगराळ मेळघाटात ती जागा बरेचदा नोंद न पोचल्याने कोरी असते. आरोग्य केंद्राभोवती दहा किलोमीटरचं वर्तुळ काढून सोय झाली म्हणणंही तसंच फसवं. तिथल्या सिपना नदीला पूर आला की त्या वर्तुळातलं गावही तुटतं. कोणत्या पुलावरून पाणी जातं, हे नकाशात भरलं तर कुठल्या गावातल्या गरोदर बायांना तारखेच्या आधीच दवाखान्याजवळ आणून ठेवायचं, ते पावसाळ्यापूर्वी ठरवता येतं.